माझी डावी कडी

मी झोपाळा बोलतोय. ओहायोतल्या एल्डर्सबर्ग गावच्या टेकडीवरच्या छोट्या बागेतला. उद्या मतदान आहे आणि माझा जीव घाबरा झाला आहे, म्हणून बोलतोय.

माझी साखळी गावच्याच कारखान्यात घडली. तिथल्या कामगारांनी एका रविवारी चर्च सुटल्यावर मला उभं केलं आणि आधी स्वतःची पोरं बसवून पाहिली. भीती काय असते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. पुढे कारखाना बंद पडला. माझं तेलपाणी नगरपालिकेकडे गेलं आणि त्यासाठी गावानं स्वतःवर बागांचा कर लावून घेतला.

गेल्या खेपेला त्या कराची मुदत संपली. मतपत्रिकेवर शब्द होता ‘नूतनीकरण’. गावाला वाटलं, बागांचं. मलाही तेच वाटलं. लोकांनी आनंदानं ‘होय’वर खूण केली. नूतनीकरण झालं ते कराचं! नदीकाठी रंगीत दिव्यांचं कारंजं आलं. माझ्याकडे एक माणूस डबा घेऊन आला आणि गंजावरच हिरवा रंग फासून गेला. शेजारी फलक रोवला: ‘तुमच्या करातून झालेलं काम पाहा.’ आता तीही मुदत संपतेय आणि उद्या पुन्हा त्याच करावर मतदान आहे.

त्या रंगाखाली माझी डावी कडी दोऱ्याएवढी उरली आहे. मूल बसलं की मी थरथरतो. ओरडता येत नाही, नुसता करकरतो. माणसं म्हणतात, जुना झोपाळा करकरायचाच.

आज दुपारी म्हातारे व्हर्लिन स्टाउट नातीला घेऊन आले. ‘‘आजोबा, अजून उंच!’’ टेसी ओरडली आणि माझी कडी हलली. मी जिवाच्या आकांतानं करकरलो. व्हर्लिननी झोका धरला, पोरीला उतरवलं, कडीवर अंगठा घासला. रंगाचा पोपडा निघाला आणि खालचं झिजलेलं लोखंड त्यांना दिसलं.

बाग समितीच्या मार्सी होलनबाख कुंपणाला ‘होय’च्या पाट्या बांधत होत्या.

‘‘मार्सी, इकडे ये! बघ तुझं नूतनीकरण!’’

कडी पाहून मार्सीबाईंनी हातातली पाटी खाली ठेवली. ‘‘काका, कर नामंजूर झाला तर आधी हाच झोपाळा काढतील. मग टेसीला कुठे खेळवाल?’’

‘‘तुझ्या कारंज्यात सोडतो पोहायला!’’

‘‘चेष्टा नको. यंदा ‘होय’ म्हणा, पुढच्या वर्षी नक्की बघते.’’

‘‘गेल्या खेपेला हेच म्हणालीस. तेव्हा तुझे केस काळे होते गं.’’

‘‘आणि तुम्हाला केस होते!’’

व्हर्लिन हसले नाहीत. ‘‘बागा नकोत असं कोण म्हणतंय? पण न बघता ‘होय’ म्हटलं म्हणून ही वेळ आली. उद्या ‘नाही’च. कर नामंजूर झाला की पुन्हा मत मागायला याल ना? तेव्हा आधी या कडीचं बोला.’’

कुणी बसू नये म्हणून त्यांनी मला वरच्या दांडीवर गुंडाळलं आणि टेसीचा हात घट्ट धरून ते निघून गेले.

मार्सीबाई खोटं बोलल्या नाहीत. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर बहुधा मीच आधी भंगारात जाईन. भंगाराची भीती वाटते हो. पण त्याहून मोठी भीती माझ्यावर बसणाऱ्या पोरांच्या जिवाची वाटते.

उद्या मतदानाला टेकडीवरून जा. माझ्या डाव्या कडीवर अंगठा फिरवा, मग खूण करा.

आत्ता खाली दोन मुलं आली आहेत. त्यांच्या हातात लांब काठी आहे. ‘‘ओढ, ओढ, येतोय खाली!’’ मी दांडीला घट्ट बिलगलोय.

एक वेढा सुटला.