टाकून दिलेली ओळ

"यंत्र खोटं बोलत नाही, काकू," असं योगिनी कस्तुराकाकूंच्या दारात चपला घालता घालता बोलून गेली. तेवढं एक वाक्य तिने गिळलं असतं तर पुढचं निम्मं तरी टळलं असतं. पण शिकलेल्या माणसाला दुसऱ्याला धीर द्यायची वेळ आली की नेमकं आपलं शिक्षण आठवतं. योगिनी तर काळेवाडीच्या त्या तीन मजली इमारतीतली पहिली इंजिनिअर.

आत कोंडीकाका उजवा हात उशीवर ठेवून बसले होते. हाताला अंगठा आणि करंगळी राहिली होती. मधली तीन बोटं चाकणच्या कारखान्यात चार नंबरच्या प्रेसखाली गेली. अहमदपूरकडून आलेला हा माणूस एकोणीस वर्षं पत्र्याचे भाग दाबून काढत होता. योगिनीला दहावीच्या परीक्षेला सायकलवर डबलसीट नेऊन सोडणाराही तोच. तिचे वडील तेव्हा सेकंड शिफ्टला असायचे.

प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा एक पडदा असतो. डोळ्याला दिसत नाही, पण त्यात हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. थांबली की माल कमी निघतो. म्हणून त्या कारखान्यातला सुपरवायझर चावी फिरवून पडदा बंद करायचा आणि शिफ्टचा आकडा पुरा व्हायचा. कामाच्या जागी हे सगळ्यांना ठाऊक होतं, कागदावर कुणालाच नव्हतं. कारखान्याची माणसं दवाखान्यातच एक कागद घेऊन आली होती: पडदा चालू होता, मी घाईत कडेने हात घातला, चूक माझी. सही केली तर स्टोअरमध्ये बसून करायचं हलकं काम देऊ म्हणाले.

कोंडीकाका सही करायच्या बेतात होते. योगिनीचं वाक्य ऐकलं आणि त्यांनी कागद परत पाठवला. "नोंदी मागवा म्हणावं," त्यांनी निरोप दिला. "आमच्या योगिनीपाशी समदं लिवलेलं हाय."

आणि ते खरंही होतं. त्या कारखान्यातलं प्रत्येक यंत्र आपण काय केलं ते एकेका ओळीत लिहायचं. या ओळी भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर जायच्या, तिथे सात दिवस राहायच्या आणि पुसल्या जायच्या. पुसायच्या आधी त्या दूरच्या दुसऱ्या सर्व्हरवर पाठवायच्या. तो कारखान्याच्या मुख्य कचेरीचा, तिथे त्या तीन वर्षं जपायच्या. हे पाठवायचं काम मोशीतल्या एका छोट्या कंपनीकडे होतं आणि त्या कंपनीत ते योगिनीकडे होतं.

अपघाताला वीस दिवस होऊन गेले होते, म्हणजे क्लाउडवर काही उरलेलं नव्हतं. तिने दूरच्या सर्व्हरवर शोधायला घेतलं. तारीख, दुसरी शिफ्ट, प्रेस चार. तेलाचा दाब होता, तापमान होतं, मालाचा आकडा होता. चार वाजून दहा मिनिटांनी आणीबाणीचं बटण दाबल्याची ओळ होती. पडदा बंद केल्याची एकही ओळ नव्हती. आदल्या दिवशीही नव्हती. आदल्या महिन्यातही नव्हती. ती मागे मागे गेली आणि चौदा मार्चला येऊन थांबली. चौदा मार्चच्या आधी त्या ओळी हजारोंनी होत्या.

योगिनीला चौदा मार्च आठवला.

मुख्य कचेरीने तेव्हा तक्रार केली होती की आमची महिन्याची जागा वीस तारखेलाच भरते, नको ते पाठवू नका. तिने पाहिलं तर सगळ्यात जास्त भरणा एकाच ओळीचा: "प्रेस ४, पडदा बंद, चावीने." एकेका ठोक्याला एक ओळ, दिवसाला चार हजार. तिला वाटलं, यंत्रातलं काहीतरी बिघडलंय, उगाच बडबडतंय. कारखान्यात एक फोन करून विचारावं, हे तिच्या मनात आलंही होतं. पण मीटिंगची वेळ झाली होती. तिने नियम लिहिला: ही ओळ दिसली की पुढे पाठवू नये. नियमाच्या डोक्यावर शेरा मारला, रोमन अक्षरांत, पण मराठीतच: "नुसता कलकलाट. टाकून द्या. योगिनी." जागा भरायची थांबली. जयसिंग सरांनी, म्हणजे तिच्या मालकांनी, सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि केक मागवला. तिने दोन तुकडे खाल्ले होते.

आता ती उठून जयसिंग सरांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

सरांनी दार लावून घेतलं. "हे बघ, आपण टपालवाले. पत्रात काय आहे ते टपालवाला वाचत नाही."

"टपालवाला पत्र नाल्यातही टाकत नाही, सर."

"चौकशीत विचारतील तेवढंच सांग. नोंद आहे का? नाही. विषय संपला." मग त्यांचा आवाज खाली आला. "माझ्याकडे अकरा माणसं आहेत, योगिनी. हे काम गेलं तर त्यातल्या चौघांना मी काय तोंड दाखवू?"

माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. वाईट असता तर तिला भांडता आलं असतं.

जुन्या पत्रव्यवहारात तिला नियम लिहिण्याआधीचं तिचंच एक पत्र सापडलं: "प्रेस चारवरून पडदा बंद असल्याची ओळ रोज सुमारे चार हजार वेळा येते. काढू का?" खाली मुख्य कचेरीतल्या साहेबाचं एका शब्दाचं उत्तर: "काढा." तिने पत्र छापलं, नियमही छापला आणि दोन्ही कागद पर्समध्ये घातले.

चौकशी कारखान्याच्याच ट्रेनिंग हॉलमध्ये होती. चौकशी अधिकारी उद्धवराव म्हणून एक निवृत्त वकील होते. कोंडीकाका लग्नातला पांढरा शर्ट घालून आले होते. गुंड्या कस्तुराकाकूंनी लावून दिल्या असणार. योगिनी आत आली तसे ते कडेला सरकले आणि त्यांनी शेजारची खुर्ची तिच्यासाठी पुसली. डाव्या हाताने.

कारखान्याचे मॅनेजर उभे राहिले. "नोंदी कोंडीराम यांनीच मागवल्या होत्या. आम्ही आणल्या. त्यात पडदा बंद केल्याची एकही ओळ नाही. म्हणजे पडदा चालू होता. मग हात आत गेला तो कडेने, त्यांच्या चुकीने."

कोंडीकाकांनी योगिनीकडे पाहिलं. आता ही बोलेल, अशा खात्रीने पाहिलं. ती नजर तिला पुढे कितीतरी दिवस जेवू देणार नव्हती.

"ओळ नाही, कारण ती मी टाकून दिली," योगिनी म्हणाली आणि दोन्ही कागद टेबलावर ठेवले. "मार्चपासून. त्याआधी ती रोज चार हजार वेळा येत होती. पडदा रोज बंद असायचा, साहेब."

उद्धवरावांनी दोन्ही कागद शांतपणे वाचले. "मार्चमध्ये बंद असायचा. अपघाताच्या दिवशी बंद होता का?"

"त्या दिवशीची ओळ माझ्या नियमाने गेली."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

खोटं बोलायची हीच वेळ होती, पण तिला ते जमलं नाही. "नाही."

"साक्षीदारास माहीत नाही," असं उद्धवरावांनी लिहिलं आणि तिचे कागद फाइलच्या तळाला लावले.

बाहेर गेटजवळ कस्तुराकाकू चहाच्या टपरीपाशी थांबल्या होत्या. तिथवर पोचायच्या आधीच कोंडीकाका थांबले.

"म्हंजी यंत्र सांगू लागलं होतं, म्हण की."

"हो काका. रोज."

"अन् तू त्याचं तोंड बंद केलंस."

योगिनी रडायला लागली. रस्त्यावरून कंटेनर चालले होते, त्यांच्या धुळीत कुणाचं लक्ष गेलं नाही. कोंडीकाका तिच्याकडे न बघता बोलले, "पयल्यांदा पडदा बंद केला की भोंगा वाजायचा. दिवसभर. डोस्कं उठायचं. सुपरवायझर म्हणला, चिकटपट्टी लावा त्याच्यावर. म्या लावली, लेकी. ह्याच हातानं."

हे ते तिला धीर द्यायला बोलले. तिला मात्र त्यांनी एक कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

अहवाल आला. निष्कर्ष काढण्याइतकी नोंद उपलब्ध नाही, असं त्यात होतं. मग कारखान्याची माणसं पुन्हा जुनाच कागद घेऊन काळेवाडीला आली. या खेपेला स्टोअरचं काम नव्हतं. त्याऐवजी कोंडीकाकांचा थोरला, आयटीआय करून दोन वर्षं घरी बसलेला विक्की, त्याला कामावर घेतो म्हणाले. कोंडीकाकांनी फार विचार केला नाही. सही करणारी बोटं राहिली नव्हती. सातवी शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या माणसाने शाईत अंगठा बुडवून कागदावर उठवला. कस्तुराकाकूंनी इमारतीत पेढे वाटले. योगिनीच्या घरीही दिले. तिच्या आईने ते देवापुढे ठेवले.

जयसिंग सरांनी त्या कारखान्याचं काम योगिनीकडून काढून घेतलं. शुक्रवारी दुपारी तिचा पासवर्ड बंद होणार होता. सकाळी अकराच्या सुमाराला, कुणाला न विचारता, तिने आपला नियम उघडला. तो शेरा पुन्हा वाचला, खालचं आपलं नाव वाचलं आणि सगळं पुसून टाकलं. निदान यापुढे कुणाची ओळ माझ्या हातून जाणार नाही, एवढंच तिला वाटलं. थोडं हलकंही वाटलं.

चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत ओळ आली.

"प्रेस ४, पडदा बंद, चावीने. ऑपरेटर २२१७."

सहा सेकंदांनी दुसरी. मग तिसरी. तिने कप खाली ठेवला आणि कोंडीकाकांना फोन लावला.

"काका, विक्कीचा टोकन नंबर काय?"

"बावीस सतरा," काका लगेच म्हणाले. तो नंबर त्यांनी पाठच केला होता. "कामून गं? परमनंट करू लागलेत का काय त्याला?"

"काका, त्याला फोन करा. आत्ताच्या आत्ता. म्हणावं, हात बाहेर काढ आणि प्रेस सोडून बाहेर ये."

"फोन आत न्हेऊ देत न्हाईत, लेकी. गेटवर जमा करावा लागतो." काकांचा आवाज बदलला. "काय झालं?"

कारखान्यातला एकच नंबर तिच्याकडे होता. तो सुपरवायझरचा होता, आणि चावी त्याच्याच खिशात होती. तिने तोही लावला. रिंग वाजत राहिली. समोर स्क्रीनवर ओळी येत होत्या, म्हणजे अजून कुणी आणीबाणीचं बटण दाबलं नव्हतं. योगिनी एकेक ओळ वाचत होती, आणि दर सहा सेकंदांनी पुढची यावी म्हणून देवाचं नाव घेत होती.