अकोईयाच्या खड्ड्यात खारं पाणी

मी एक बांध. समुद्र अडवण्यासाठी रचलेला, प्रवाळाच्या दगडांचा. पॅसिफिक महासागरातल्या किरिबाटी देशाच्या एका बेटावर, ब्वेरेतीच्या घरामागे उभा आहे. माझ्यामुळे त्याचं घर वाचलं, हे खरं. पण पुढचंही ऐका.

ब्वेरेती तरुणपणी परदेशी जहाजांवर खलाशी होता. इथले कितीतरी पुरुष असेच जगभर फिरून येतात. तो परतला तेव्हा भरतीचं पाणी घराच्या खांबांना लागत होतं. त्यानं ओहोटीला दगड उपसले, जहाजानं सिमेंट आणवलं आणि बायकोला, तेरेतियाला, हाताशी घेऊन मला रचलं. पुढची मोठी भरती माझ्यावर आपटून मागे गेली. तेरेतिया निर्धास्त झोपू लागली. मी फुशारलो.

मागे गेलेलं पाणी कुठं जातं, याचा मी विचारच केला नाही. ते माझ्या टोकाला वळसा घालून शेजारच्या जमिनीत शिरत होतं. ती जमीन ब्वेरेतीच्या थोरल्या बहिणीची, अकोईयाची. तिथं त्यांच्या आजोबांनी जमिनीतल्या गोड्या पाण्यापर्यंत खणलेला बाबाईचा खड्डा होता. बाबाई म्हणजे अळूचाच दांडगा भाऊबंद. त्याच्या कंदाशिवाय इथं लग्नाचं जेवण पुरं होत नाही. आधी पानं पिवळी पडली, मग कंद कुजले. मला वास येत होता. हलता मात्र येत नव्हतं.

अकोईया भांडली नाही. भावाकडे यायची तेवढी बंद झाली.

तिच्या लेकीच्या लग्नाला सारा गाव माझ्यापासून हाकेवर असलेल्या सभाछपराखाली जेवायला बसला. भात होता, मासे होते, बाबाई नव्हता. म्हातारा नाबुती घास चघळत म्हणाला, "रेडिओवर ऐकलंत का? आपली माणसं मोठ्या देशांच्या सभेत जाऊन बोलली. धूर तुम्ही करता, बुडतो आम्ही, असं तोंडावर सांगितलं. ब्वेरेती, तुलाच पाठवायला हवं होतं बघ. बांध तुझा, बुडते तुझी बहीण. तुला दोन्ही बाजू ठाऊक."

काहीजण हसले. ब्वेरेतीचा घास हातातच राहिला.

सकाळी तो पहार घेऊन माझ्यापाशी आला.

"घर जाईल आपलं," तेरेतिया म्हणाली.

"घर मागे सरकवू. ताईचा खड्डा सरकवता येतो का?"

आवाज ऐकून अकोईया आली. त्यानं मान वर केली नाही. "ताई, मला पहिल्याच वर्षी कळलं होतं."

"तुला कळलंय, हे मलाही कळलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर येत नव्हते. तेरेतिया, दुसरी पहार आहे का गं?"

आता मी अर्धाच उरलोय. भावंडांनी पुढच्या चिखलात खारफुटीची रोपं लावलीत. खड्डा अजून खाराच आहे. पाऊस पडून गेला की अकोईया येते, बोट बुडवून पाणी चाखते आणि थुंकते. मग दमून माझ्याच दगडांवर टेकते. मला तिच्याशी बोलता आलं असतं, तर आधी माफी मागितली असती.

तुमच्याशी बोलतोय, तर एवढंच मागतो. कधी बांध घातलात, तर तो जिथं संपतो तिथं कोण राहतं, ते आधी जाऊन बघा.