टाकी भरेपर्यंत

...आणि थेंब कॉकच्या तोंडाशी लोंबतच राहिला. गंजाच्या रंगाचा, फुगून जड झालेला, तरी पडायला तयार नसलेला. कॉम्प्रेसरच्या टाकीच्या पोटाखालचा तो पितळी कॉक रोज सकाळी उघडायचा, आत साठलेलं पाणी काढून टाकायचं आणि मग बटण दाबायचं – सव्वीस वर्षं ती हे करत आली होती, गुडघे टेकून. आता गुडघे कुरकुरायचे, पण त्यांना विचारतो कोण! तिने थेंबाखाली बोट धरलं, अंगठ्यावर चोळून पाहिलं. तेल. म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या, म्हणजे हवेबरोबर तेल येणार, म्हणजे लॅकर-पॉलिशच्या आरशासारख्या थरावर बारीक बारीक खड्डे पडणार... ग्रंथालयाच्या कपाटांची अठरा दारं भिंतीला टेकून उभी होती. तिने हात पुसले. नवा कॉम्प्रेसर घ्यायचा. यात विचार करत बसण्यासारखं काही नव्हतं.

"आज जाऊन नवा बघू या," ती म्हणाली.

"बघू या," नवरा म्हणाला, रंध्यावरची मान वर न करता.

तिच्या वाक्यातले शेवटचे दोन शब्द उचलून तिलाच परत द्यायचे, एवढंच त्याचं बोलणं. माहेरी पहिल्यांदा गेली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, जावई बोलतात की नाही? लाकडाशी बोलतात, ती म्हणाली होती, आणि सगळे हसले होते. ती मात्र अभिमानाने म्हणाली होती. त्याने जोडलेल्या सांध्यात केस शिरत नसे – एका गिऱ्हाइकाने खरंच आपल्या डोक्यातला केस उपटून घालून पाहिला होता आणि हरला होता. कारखान्याच्या एका टोकाला त्याचं लाकूड, दुसऱ्या टोकाला पडद्यामागे तिचं पॉलिश, आणि मधोमध हा धडधडणारा राक्षस. लाकूड त्याचं, हवा तिची. हवेच्या बाबतीत तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दुकानात विक्रेत्याने सवयीप्रमाणे नवऱ्याकडे तोंड केलं. "साहेब, ही टाकी बघा. दोनशे लिटर."

नवऱ्याने छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"टाकीचं राहू द्या," ती म्हणाली. "मिनिटाला हवा किती देतो ते सांगा."

विक्रेता वळला. अशा वळण्याची तिला सवय होती, आणि खरं सांगायचं तर चटकही. टाकी कितीही मोठी असली आणि वरचा पंप एवढासा असला, तर ते बडा घर पोकळ वासा – एक दार मारून होईतो हवा संपते आणि माणूस फवाऱ्याची बंदूक हातात घेऊन दाबाचा काटा चढायची वाट बघत बसतो. तिने हे त्याला अगदी प्रेमाने समजावून सांगितलं. मग पर्समधून पांढऱ्या कागदाची घडी काढली, नळीच्या तोंडापुढे धरली आणि म्हणाली, सोडा हवा. कागदावर तेलाचा ठिपका उमटतो का, ते तिने उजेडात तिरकं धरून पाहिलं. विक्रेता आता तिला साहेबांपेक्षा वरचं काहीतरी म्हणायला शब्द शोधत होता. शेवटी 'ताई'वर आला.

"ताई, मग तुम्ही हाच घ्या. बिनतेलाचा आहे."

कोपऱ्यात एक बुटका, राखाडी, दोन पंपांचा कॉम्प्रेसर होता.

"चालू करा," ती म्हणाली.

"चालूच आहे, ताई."

तिने हात ठेवला. खरंच की – आत काहीतरी मांजरासारखं गुरगुरत होतं.

"बघा, आपण बोलतोय ना आरामात? ओरडायचं काम नाही. शेजारी उभ्या माणसाचा शब्द न् शब्द ऐकू येतो."

त्या क्षणी तिला तो कॉम्प्रेसर आवडेनासा झाला.

कारणं होती. कारणं तिच्याकडे नेहमीच असत. हे हलके पंप टिकत नाहीत, ती म्हणाली. विक्रेत्याने हमीचा कागद पुढे केला. सलग अठरा दारं मारायची म्हटल्यावर तापेल. विक्रेता म्हणाला, सकाळपासून चालू आहे, हात लावून बघा – आणि हात तर तिचा अजून तिथेच होता, थंडगार पत्र्यावर. हवा कमी पडेल... पण आकडा पाटीवर लिहिलेला होता आणि आकडे तिला वाचता येत होते. एकेक कारण त्याने खोडून काढलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण ताकाला जाऊन भांडं लपवतोय. खरं कारण दुकानात सांगण्यासारखं नव्हतंच.

खरं कारण हे, की ती बोलायची. पडदा ओढून, तोंडावर मास्क चढवून, बंदूक हातात घेतली आणि त्या धडधडाटाने कारखाना भरला, की ती मोठमोठ्याने बोलायला लागायची – त्याच्याशी, दहा पावलांवर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या त्याच्याशी, आणि चक्क अरे-तुरे करून. आधी किरकोळ असायचं. तुझ्या बहिणीने मला काय ऐकवलं माहीत आहे का... तुला निळा शर्ट शोभत नाही, सोड तो... मग तीन वर्षांपूर्वी एका खणाच्या कोपऱ्यात तिला फट दिसली. नखाएवढीसुद्धा नाही, नखाच्या कडेएवढी. केस शिरला असता. तिने काही विचार न करता लांबी, म्हणजे फटी बुजवायचं लुकण, भरली, घासली, वरून लॅकर मारलं. गिऱ्हाईक खूश. पुढच्या महिन्यात आणखी दोन फटी. मग ती त्याचा हात बघायला लागली. थरथर म्हणावी अशी नव्हती, पण पटाशी टेकवल्यापासून ठोका बसेपर्यंत क्षणभराचा उशीर होता, आणि त्या उशिरात पटाशी कणभर सरकायची.

तेव्हापासून मशीनच्या आवाजाखाली ती एकच सांगत आली होती. आज पण सुटला रे तुझा सांधा. भरला मी, काळजी करू नको. डॉक्टरकडे जाऊ या. नाहीतर सरळ यंत्रावर कापू या सांधे, किती जण कापतात, त्यात काय कमीपणा आहे... पण हेच तोंडावर सांगितलं तर? तो रागावणार नाही, वाद घालणार नाही. पटाशी पुसेल, पेटीत ठेवेल आणि पुन्हा काढणार नाही. आणि पटाशी ठेवल्यावर त्याचं उरणार काय? याचीच तिला भीती होती, दुसऱ्या कशाची नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने झाकली होती, आणि झाकण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं – तीन वर्षांत लांबीचा एकच डबा पुरवला होता तिने, एवढी हलकी बोटं.

राक्षस पूर्वी टाकी भरायला चार मिनिटं घ्यायचा. मग खट्कन आपोआप बंद. त्या चार मिनिटांत वाक्य बसवायची तिला सवय झाली होती. रिंगा झिजत गेल्या तशी चाराची सहा झाली, सहाची अकरा, आणि तिचं बोलणंही लांबत गेलं. एकदाच फसगत झाली होती. वाक्याच्या मध्यावर मशीन थांबलं आणि निःशब्द कारखान्यात तिचे दोनच शब्द उरले – तुझा हात! मग ती म्हणाली, "तुमचा हात रिकामा असला तर तो दिवा जरा इकडे करता का?" त्याने दिवा वळवला. आणि पुन्हा पटाशी उचलली.

"मग काय करायचं, ताई?" विक्रेता विचारत होता.

आणि नवरा, जो दुकानात आल्यापासून पंख्याखेरीज कशाकडे बघत नव्हता, तो म्हणाला, "आवाजाचा दाखवा. आवाजाचा चालेल आम्हाला. हिला काम करताना बोलायची सवय आहे."

विक्रेता हसला. तीही हसली, कारण हसणं भाग होतं. "उद्या सकाळी कळवते," ती म्हणाली. दुकानातून काही न ठरवता ती आयुष्यात पहिल्यांदा बाहेर पडली.

रस्त्यावर तो नेहमीसारखा अर्धं पाऊल पुढे चालत होता. चोराच्या मनात चांदणं – तिला वाटलं, येणारे-जाणारेसुद्धा आपल्याकडे बघतायत.

"काय बोलते मी?" तिने विचारलं.

"मला काय ऐकू येतंय त्या गोंगाटात."

"मग कळलं कसं?"

"मान हलते तुझी. पडद्यावर सावली पडते ना."

झालं, एवढंच. तिच्या चालीत पुन्हा नेहमीचा तोरा आला. नाक्यापर्यंत तर तिने मनातल्या मनात तो आवाजाचा दोनशे लिटरवाला घेऊनही टाकला. सावलीला काय कळतं?

कारखान्यात आल्यावर तिने राक्षसाचं बटण दाबलं. आजच्यापुरतं अस्तराचे हात मारायचे होते. अस्तराला हा चालला असता. पडदा ओढला, मास्क चढवला, पहिलं दार आडवं घेतलं, आणि सरावाने तिची बोटं आधी कोपऱ्याकडे गेली. फट होतीच. तिने फळीवरचा लांबीचा डबा काढला, सुरीच्या टोकाने झाकण उचकटलं, सुरी आत घातली... सुरी लोण्यात शिरावी तशी शिरली.

तिचा हात तिथेच थांबला. लांबी सहा महिन्यांत दगड होते. गिऱ्हाइकांना, नवख्या रंगाऱ्यांना, विचारील त्याला आणि न विचारणाऱ्यालाही ती हे सांगत आली होती. उरली तर फेकून द्या, सहा महिन्यांच्या पुढे टिकत नाही. आणि हा डबा तीन वर्षांचा. तिने गोळा उजेडात धरला. त्यात बारीक, मैद्यासारखा चाळलेला भुगा कालवलेला होता, तांबूस – या अठरा दारांच्या लाकडाचा. पहिल्या खणाच्या वेळी फिकट होता का? असणार. त्या वेळचं लाकूड फिकट होतं. आणि ती समजत होती की आपल्या हाताला रंग जुळवायची देणगी आहे.

आधी तिला राग आला, चांगला सणसणीत. तीन वर्षं मी इकडे जीव मुठीत धरून... आणि हा तिकडे गुपचूप भुगा चाळतोय! मग हसू आलं. अगं बाई, सुताराला स्वतःचा सांधा कळणार नाही? केस न शिरणारा सांधा ज्याने आयुष्यभर केला, त्याला फट दिसायला तुझे डोळे लागतात होय? त्याला पहिल्या खणापासून माहीत होतं. माहीत असूनही त्याने पटाशी पेटीत ठेवली नव्हती. रोज उचलत होता, रोज टेकवत होता, चुकली की चुकू देत होता, आणि संध्याकाळी तिच्या डब्यात उद्याची लांबी भरून ठेवत होता. ज्याला मोडेल म्हणून तिने जपलं, तो मोडून कधीचाच पुन्हा उभा राहिला होता. आवाजाचा चालेल म्हणाला तो... स्वतःसाठी की तिच्यासाठी?

पडद्याच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. निळा शर्ट.

तिने बोलण्यासाठी तोंड उघडलं. मशीन धडधडत होतं, अकरा मिनिटं हक्काची होती, आणि तिला सांगायला एक शब्द सापडेना. या आवाजात सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. जे होतं ते दुसरंच होतं, लहानसं, तीन-चार शब्दांचं, आणि त्याला शांतता लागणार होती.

बटण हाताच्या अंतरावर होतं. तिने ते दाबलं नाही. तिने मास्क खाली ओढला, लांबीचा गोळा बोटावर तसाच धरला आणि काट्याकडे बघत उभी राहिली. आयुष्यभर राक्षस थांबायच्या आत बोलून घ्यायची घाई केली होती. आज तो थांबायची ती वाट बघत होती. काटा चढत होता, सावकाश. टाकी भरायला अजून थोडा वेळ होता.