मिकनातीस साहेब

मिकनातीस म्हणजे कुणीतरी बडा अंमलदार, अशी माझी ठाम समजूत होती. निजामाच्या अमलात वाशीच्या आमच्या शाळेत विज्ञान उर्दूतून असे. 'मिकनातीस लोहे को खींचता है' हे मी घडाघडा म्हणायचो. तेव्हा लढाई चालू होती, बाजारात लोखंड मिळत नव्हतं. ते कोण ओढून नेतंय, हे मला त्या वाक्यातून कळलं होतं.

तपासणीला साहेब आले आणि नेमकं मलाच उठवलं. "मिकनातीस क्या है?"

"साहब, लोहा जप्त करनेवाले बडे हाकिम हैं."

वर्गात कुणी हसलं नाही. समजूत सगळ्यांची तीच होती. महांतप्पा मास्तर मात्र पांढरेफटक पडले. मराठीत समजावून सांगतात म्हणून त्यांना एकदा ताकीद मिळाली होती. तेव्हापासून बिचारे पुस्तकाबाहेर अवाक्षर काढत नव्हते. आता दुसरा शेरा म्हणजे नोकरी गेलीच. मला रडू फुटायचं बाकी होतं.

मास्तर साहेबांना उर्दूत म्हणाले, पोरांनी शब्द पाठ केलाय, वस्तू पाहिली नाही, मला एक तास द्या. साहेबांनी मान डोलावली.

कल्याणप्पा सोनाराकडं सोन्याच्या किसातून लोखंडाचे कण वेचायला लोहचुंबक होता. मास्तरांनी तो मागवला आणि साहेबांसकट आम्हा सगळ्यांना गावच्या ओढ्यावर नेलं. सोनार तो काही दुसऱ्याच्या हाती देईना, स्वतःच घेऊन आला. "पाडू नगा रं, लई जुना हाय." मास्तरांनी चुंबक दोरीला बांधून वाळूतून ओढला, तर त्याला काळीभोर दाढी फुटली.

मी उर्दू पार विसरलो. "सायेब, ह्योच त्यो मिकनातीस! आमच्या वड्यात लोखंड हाय बगा!"

साहेबांसमोर मराठीत उत्तर. मास्तरांनी डोळेच मिटले.

साहेबांनी बूट काढले, ओढ्यात उतरले आणि दोरी मागून घेतली. चुंबक ओढायचा, दाढी बोटानं निपटायची, पुन्हा ओढायचा. किती तरी वेळ त्यांचं तेच चाललं होतं.

"मास्टरजी," ते हळूच म्हणाले, "बीस साल से पूछता फिर रहा हूँ. देखा आज."

मास्तरांच्या नोकरीला धक्का लागला नाही. हातात सत्ता असताना त्या माणसानं आमचे मास्तर आमच्यापाशी राहू दिले, हे उपकार मी जन्मभर मानत आलो.

परतताना साहेबांनी विचारलं, "और क्या-क्या दिखा सकते हैं?"

"लई हाय, साहेब," मास्तर चक्क मराठीत म्हणाले.

साहेबांनी मुक्काम वाढवला. दुसऱ्या दिवशी ते आमच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसले.