दहा हेअरकटची झाडं

आमच्या घरात वस्तूंची किंमत हेअरकटमध्ये सांगतात. फ्रिज दोनशे चाळीस हेअरकटचा, माझा चष्मा अठरा हेअरकटचा. बत्तीस वर्षं बायकोने पार्लर चालवलं आणि त्याची वही मी लिहिली, त्यामुळे आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. दुकानात टांगलेल्या दरपत्रकातला सगळ्यात वरचा, साधा कट हे आमचं चलन.

यंदा गुडघ्यांनी संप पुकारला आणि तिने दुकान सुनेच्या हवाली केलं. म्हणजे किल्ल्या दिल्या. स्वतःची कात्री दिली नाही, आणि सवयही दिली नाही. रोज दहाच्या ठोक्याला ही सुनेच्या पाठीमागे हजर.

"अगं, डावी बाजू अर्धं बोट लांब राहिलीय."

खुर्चीतलं गिऱ्हाईक दचकून डावीकडे बघायचं आणि मग उजवी बाजू बिघडायची. तीन आठवड्यांत दोन नेहमीच्या बायका समोरच्या पार्लरकडे वळल्या. मी वहीत बघितलं, सुनेने आरशात.

सून तोंडावर बोलणारी आहे. म्हणाली, "आई, तुम्ही घरी बसा असं मी म्हणणार नाही, दुकान तुमचंच आहे. पण स्वतःचं काहीतरी काम घेऊन या. झाडांचं वेड आहे ना? खिडकीबाहेरची पत्र्याची फळी घ्या. तिथे तुमची बोन्साय ठेवा आणि माझ्याकडे पाठ करून बसा. तीन झाडं आणा. महिन्याने तिन्ही जिवंत असली तर फळी कायमची तुमची."

"आणि नसली तर?"

"तर तिथे फेशियलच्या दरांचा फलक लागेल. तुम्ही घरी, फलक खिडकीत."

वर तिने गल्ल्यातून दहा हेअरकट काढून सासूच्या हातावर ठेवले. बायकोने ते दोनदा मोजले. चेहरा असा फुलला होता की लग्नातही मी तो तसा पाहिला नव्हता. पण तेव्हा निवड माझी होती, आणि आज झाडांची.

दुसऱ्या दिवशी नाश्ता अर्धा टाकून ती निघाली, मागोमाग मी. बरोबर घरातलं ज्युनिपरचं बोन्साय घेतलं. मॉलमधून आणलेलं, पंचवीस हेअरकटचं, चिनी मातीच्या कुंडीतलं. रोज सकाळी ती त्यावर फवारा मारायची आणि कंगव्याने धूळ झाडायची.

"ते कशाला बरोबर?"

"याला जोडी शोधायची ना! बघून घेतलेलं बरं."

नर्सरी हिरव्या जाळीखाली पसरलेली होती. मालकीणबाईंचा चष्मा दोरीने गळ्यात आणि नखं मातीने काळी. बायकोने ज्युनिपर त्यांच्यापुढे असं ठेवलं, जसं काही बाळाला लस टोचायला आणलंय.

"याला शोभेल असं दाखवा."

बाईंनी खोडावर नख घासलं. सालीखाली आगकाडीसारखं कोरडं लाकूड दिसलं.

"हे कधी गेलं?"

"गेलं कुठे? हे काय समोर आहे!"

"ताई, दोन महिने तरी झाले असतील. या जातीला मेल्यावरही हिरवं राहायची खोड असते. थंड मुलखातलं झाड, वर्षातून एकदा त्याला कडाक्याच्या थंडीत झोप लागते. आपल्याकडे तो योग कुठला?"

मी गप्प बसायला हवं होतं. "म्हणजे दोन महिने तू मयताची वेणीफणी करत होतीस!"

"अहो, तुम्ही जरा कुंड्या मोजा!" ती कडाडली. पण डोळे भरले नव्हते, उलट चमकत होते. "मग आपल्याकडे काय जगतं, सांगा. उन्हाला न भिणारं. आणि दहाच्या आत तीन."

"दहा काय?"

मी चलन समजावून सांगितलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा दोरीवर झोके घेऊ लागला.

पुढच्या मांडणीवर तयार बोन्साय ऐटीत उभी होती. सगळ्यात बारकं तीस हेअरकटचं. "तिकडे बघू नका," बाई म्हणाल्या. "त्यात माझी आठ वर्षांची मजुरी आहे. मागे चला. काळ्या पिशव्यांतली साधी रोपं घ्या आणि मजुरी तुम्ही करा."

मागच्या अंगणात शेकडो पिशव्या. बायकोने घुसून पहिल्याच फटक्यात कामिनीचं एक रोप उचललं. पानांचा नुसता डेरा. "केस बघा काय दाट आहेत!"

"केस उगवतात, ताई. मान बघा."

बायको जागच्या जागी थबकली. बत्तीस वर्षं तिने शिकाऊ मुलींना हेच ऐकवलं होतं: आधी मान, मग केस, नाहीतर कट अंगावर बसत नाही. आणि आज स्वतःच दाट केसांना भुलली होती.

कामिनी खाली ठेवली गेली. पर्समधून शेपटीचा कंगवा बाहेर आला. गुडघ्यांचा संप त्या क्षणी मिटला. ती चक्क मातीत बसली आणि एकेका पिशवीतली वरची माती कंगव्याच्या शेपटीने बाजूला सारू लागली, बुंधा खाली कुठे रुंदावतो, मुळं कशी पसरलीत ते बघायला.

"ही सुतळीसारखी. ही एकाच बाजूला. अहो, हिची मान बघा! अहो, इकडे या! नाही, तिकडेच थांबा, पाय पडेल तुमचा!"

बाई मला हळूच म्हणाल्या, "असा कंगवा कुठे मिळतो हो?"

दीड तासात निवड झाली. एक बारीक पानांचं जेड, पाणी द्यायला विसरलं तरी न रुसणारं, दोन हेअरकट. एक बोगनवेलीचं खोड, वेडंवाकडं, तीन हेअरकट. आणि कुंपणाशी फाटक्या पिशवीत सापडलेला, वडाच्या जातीतला फायकस. अर्धी बाजू बोडकी, पण बुंधा मनगटाएवढा.

"हा सहाचा," बाई म्हणाल्या.

"याला तर कुणी खुर्चीतही बसू देणार नाही! चार."

"चार, आणि तो कंगवा."

कंगवा गेला. उरलेल्या एका हेअरकटमध्ये माती आणि उथळ कुंड्या. बाईंनी तिथेच मुळं छाटून झाडं बसवून दिली आणि बोट उगारलं. "आज मुळं कापली, तेव्हा महिनाभर फांद्यांना हात नाही. एका वेळी एकच काम."

बायकोने मान डोलावली. केस रंगवल्यावर तीन दिवस धुवू नका असं सांगितलं की गिऱ्हाइकं डोलावतात, अगदी तशीच.

चौथ्या दिवशी मी दुकानात वही लिहीत होतो आणि खिडकीकडून कच्-कच् ऐकू आलं.

"अगं!"

"एकच फांदी. नजरेत खुपत होती."

"बरं, आता थांब."

"अर्धा कापून कुणाला खुर्चीतून उठवलंय का मी आजवर?"

आणि फायकसचा पूर्ण कट झाला. आठव्या दिवशी उरलेली पानंही पिवळी पडून गळाली. फळीवर जेड टवटवीत, बोगनवेलीला पालवी, मध्ये एक बोडका खुंट. गिऱ्हाइकं विचारायची, "मावशी, याचं टक्कल कशाने झालं?"

बायकोने नर्सरीत फोन लावला आणि सुनेच्या पैजेसकट सगळं सांगितलं. पलीकडून बाई म्हणाल्या, "पाणी बेताने द्या, हलवू नका. आणि कात्री सुनेकडे द्या."

बायको बराच वेळ कात्री पुसत बसली. मग उठून सुनेच्या ट्रेमध्ये ठेवली. "घे. धार मीच लावलीय." सुनेने आधी कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी वहीत तोंड घातलं. या गोष्टीचा हेअरकटमध्ये भाव काढता येईना.

तिसाव्या दिवशी सून फलक घेऊन खिडकीशी आली. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या केसांना चिमटे लावून मागोमाग आलं, कारण पैज आता गल्लीभर झाली होती.

"आई, दोन जिवंत. तिसरं तुम्हीच बघा."

"थांब." बायकोने फायकसच्या बुंध्यावर नख घासलं. सालीखाली ओलसर हिरवी रेघ उमटली.

"हिरवं! अहो, आतून हिरवं आहे! गेल्या खेपेला बाहेरून हिरवं आणि आतून मेलेलं होतं, हे उलटं आहे!"

सुनेने भुवई उंचावली. "नखाने खरवडून जिवंत? गिऱ्हाईक नाही मानणार."

पण चिमटेवाली बाई वाकली होती. "अय्या, हे टोक काय आहे? आणि इथेही!" फांदीच्या काखेत टाचणीच्या डोक्याएवढा कोंब होता. तिघींनी मिळून अकरा मोजले. मी चष्मा लावून पुन्हा मोजले, चौदा निघाले. बायकोने टाळ्या पिटल्या, सुनेने फलक माझ्या हातात कोंबला. "बाबा, हा माळ्यावर टाका. फळी आईंची."

चिमटेवाली खुर्चीत परतली. बायको सुनेकडे पाठ करून, कराराप्रमाणे, झाडांपुढे बसली. खिडकीचं तावदान उघडं होतं आणि त्याच्या काचेत अख्खं दुकान दिसत होतं.

सुनेने एकेक चिमटा सोडला.

"अगं, डावी बाजू अर्धं बोट..."

"आई!"

"झाडाला म्हणतेय गं, झाडाला!"

सुनेने मात्र डाव्या बाजूचे केस बोटांत धरून पाहिले, आणि कात्री चालवली.