पायरीबाईंची दुपार

इस्पितळात तिला सगळे पायरीबाई म्हणत. नाव वाईट मनाने पडलेलं नव्हतं. दर बुधवारी दुपारी ती घरचं माणूस गमावलेल्यांना तळमजल्यावरच्या खोलीत गोल बसवायची आणि फळ्यावर दुःखाच्या पाच पायऱ्या काढायची: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. बारा वर्षं काढत होती. आठ महिन्यांपूर्वी तिचा स्वतःचा नवरा गेला, तरी तीन आठवड्यांत तिने पुन्हा खडू हातात घेतला. मोठे डॉक्टर म्हणाले, "कमाल आहे तुमची." कमाल कसली डोंबलाची! तिला घरी बसायची भीती वाटत होती.

त्या बुधवारी चष्मेवाले काका बोलले. बाजारात त्यांचं चष्म्यांचं दुकान, बायको जाऊन चार महिने झालेले. आजवर त्यांनी तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"मॅडम, मला राग आला नाही. रडूही फारसं येत नाही. मला नुसती भीती वाटते. मुलगी न्हाणीघरात पाच मिनिटं जास्त राहिली की मी दार ठोठावतो. ही कितवी पायरी?"

"भीतीची अशी वेगळी पायरी नाही," ती म्हणाली. "ती मधेमधे येते आणि जाते."

"तुमची गेली?"

"हो."

काकांनी मान हलवली. तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत नसताना 'दिसली' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ते असंच बघत असणार.

धादांत खोटं बोलली होती ती. तिचा नवरा दुपारी जेवून कोचावर आडवा झाला होता आणि ती त्याच खोलीत अहवाल लिहीत होती. दमलाय बिचारा, झोपू दे, म्हणून तिने पडदा ओढला, फोनचा आवाज बंद केला आणि दोन तास पाय न वाजवता वावरली. चहाला उठवायला गेली तेव्हा हात गार लागला. मेलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून तिने दोन तास जपलं होतं.

तेव्हापासून दुपारी कोणी डोळे मिटले की त्याला हलवून बघितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. आणि घरात दुपारी डोळे मिटणारं माणूस एकच उरलं होतं, सासूबाई. पंचाहत्तरी ओलांडलेली बाई, जेवणानंतर तासभर झोपायची पन्नास वर्षांची सवय. ही दर दहा मिनिटांनी त्यांचा खांदा हलवून विचारायची, "आई, जाग्या आहात ना?" शेवटी सासूबाईंनी दुपारची झोपच सोडली. खुर्चीत ताठ बसून जांभया गिळायच्या. त्या कधी रडल्याही नाहीत, म्हणून पायरीबाईंनी त्यांना मनातल्या मनात केव्हाच पाचव्या पायरीवर बसवून टाकलं होतं.

बुधवारी मात्र ती बरोबर तीनला, गोलात बसूनच, घरी फोन करायची. सासूबाई दुसऱ्या घंटीला उचलायच्या आणि "आहे गं, आहे" म्हणून ठेवून द्यायच्या.

त्या दिवशी घंटी वाजत राहिली. तिने पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. कोणी उचलेना, तशी ती खुर्चीतून उठली.

"मॅडम, तुम्ही जा," चष्मेवाले काका म्हणाले. "आम्ही बसतो."

घर दोन गल्ल्या पलीकडे. ती जवळजवळ धावतच निघाली. न्हाणीघरात असतील. शेजारी गेल्या असतील. फोन बिघडला असेल. याला आपण नकार म्हणतो, हे तिला औषधांच्या दुकानापाशी आठवलं, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. किल्ली कुलपात जाईना.

आत सगळं शांत होतं. पडदा ओढलेला होता. त्याच कोचावर सासूबाई आडव्या होत्या, तोंड जरासं उघडं, अंगावर चादर, एक हात खाली लोंबत होता.

"आई."

तिने आवाज चढवला.

"आई!"

पापणीसुद्धा हलली नाही. आता जवळ जाऊन हात लावायचा, एवढंच काम होतं, आणि तेच तिच्याने होईना. हात लावला नाही तोवर त्या झोपलेल्या होत्या. ती दाराची कडी धरून उभी राहिली.

तेवढ्यात काहीतरी किणकिणलं. थांबलं. पुन्हा किणकिणलं.

सासूबाईंच्या पोटावर, चादरीच्या चुण्यांत, स्टीलची बशी होती आणि बशीत दोन चमचे. पोट वर गेलं की चमचे घसरायचे, खाली आलं की परत यायचे. ती कोचापाशी जाऊन खाली बसली आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने रडली.

तिने तो लोंबता हात हातात घेतला तशा सासूबाई जाग्या झाल्या. "अगं बाई, कधी आलीस? फोन केला होतास?" त्यांनी कान चाचपला. "कानातलं यंत्र काढून ठेवलंय. कान दुखतो गं."

तिने बशीकडे बोट दाखवलं.

टेबलावरचं यंत्र कानात बसवत त्या म्हणाल्या, "श्वास चालू असला की वाजतं. म्हटलं, ही आली तर दारातूनच ऐकेल. एक डुलकी तरी काढू दे म्हातारीला!"

"मला वेड लागलंय का हो, आई?"

"लागलं असेल तर दोघींना लागलंय. तुझं पांघरूण वरखाली होतंय का, ते रोज पहाटे दारात उभी राहून बघते मी. डोळ्यांना नीट दिसत नाही, मग जवळ येते."

हे तिला ठाऊकच नव्हतं. पाचवी पायरी म्हणे!

सासूबाई उठल्या आणि कोचावर थाप मारून म्हणाल्या, "पड जरा."

"इथे?"

"मग काय जाळायचा कोच? पड."

ती आडवी झाली. सासूबाईंनी बशी तिच्या पोटावर ठेवली. चमचे भराभरा वाजायला लागले. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि यंत्राचा आवाज पार वर नेला.

"झोप आता," त्या म्हणाल्या. "मी ऐकतेय."