झटकायला माती लागते

बादलच्या मांडीतून पहिली लाथ निघाली तेव्हा ती अजून गरम होती. मांडीच्या मागच्या गाठीवर मी दोन्ही अंगठे रोवले, गाठ सुटली आणि लाथ माझ्या हातात आली. पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखी उसळत होती.

यात नवल काही नाही. माझे आबा कोल्हापुरात तालमीत पैलवानांची अंगं रगडायचे. आतला मार हातात आला की कुस्तीच्या हौद्यातल्या लाल मातीत हात झटकायचे. माती मार पिते. मी तेच काम कुत्र्यांवर करते. बाईला तालमीत कोण घेतंय? कुत्री काही विचारत नाहीत.

बादल शर्यतीचा कुत्रा, इंगवले साहेबांचा. शर्यत हरला आणि दुसऱ्या दिवसापासून मागचे पाय ओढायला लागला. पंजे उलटे घासून सालटी निघालेली. साहेबांचा ड्रायव्हर मारुतीमामा त्याच्या पोटाखाली टॉवेल घालून, उचलून आणायचा. रविवारपर्यंत उभा राहिला नाही तर सुई टोचून संपवायचा, असं साहेबांनी सांगितलं होतं.

माझा गाळा चौथ्या मजल्यावर. बिल्डिंग इंगवलेंनीच बांधलेली. खाली माती होती ती त्यांनी उपसून विकली आणि वर पेव्हर ब्लॉक ठोकले. पहिली लाथ मी सवयीनं खाली झटकली. फरशी काही पीत नाही. लाथ उसळून भिंतीवर बसली आणि भिंतीला आतल्या बाजूनं टेंगूळ आलं. खोली तेवढी लहान झाली.

दुसरी लाथ मी मुठीत धरून जिना उतरले, रस्त्यापलीकडं माती शोधायला. ती वाटेतच सुटली आणि वॉचमनच्या बरगडीत बसली. तो खाली बसला आणि म्हणाला, "ताई, मी काय केलंय?" काही केलं नव्हतं. लाथ तेवढं बघत नाही, जवळचं बघते.

मग मामांनी त्यांच्या शेतातली माती पोत्यातून आणली. सकाळभर बरं चाललं. पट्ट्याचं बक्कल निघालं, काठीचं टोक निघालं, बाकी सगळ्या लाथा. दुपारी मी हात झटकला तर पोत्यातून खण् असा आवाज आला. मार पिऊन माती गच्च भरली होती. दगड झाला होता.

"मामा, कोण मारतं ह्याला?"

"शर्यतीत लागलंय."

"शर्यतीत काय बूट घालून पळतात कुत्री?"

मामा हसले. मग हसायचे थांबले. "ताई, दोन पोरी उजवायच्या आहेत मला," म्हणाले आणि बादलचं डोकं मांडीवर घेऊन बसले. सगळे असेच. जो तो आपल्या पोरींच्या नावानं डोळे मिटतो, आणि लाथ खाणारा लाथ खातो.

पुढच्या लाथा भिंतींनी घेतल्या. भिंती सुजून आत आल्या. कपाट चेपलं, खिडकी मिटली. शनिवारी टेबल, बादल आणि मी एवढंच मावत होतं, आणि दार जेमतेम एक माणूस आडवा होऊन शिरेल इतकं उघडत होतं. आणखी एक टेंगूळ आलं असतं तर दार बंदच झालं असतं. बादलच्या पायांच्या बोटांमध्ये चिमटा काढला की आता तो पाय ओढून घेत होता. म्हणजे आत वाट मोकळी होत होती. थांबणं शक्य नव्हतं.

म्हणून मी झटकायचं सोडलं. निघेल ते हातात ठेवत गेले. बोटं मिटली. तळव्यात लाथा एकमेकींवर आपटायच्या, नखांच्या मुळांतून रक्त यायचं. मुठी उघडेनात. भाकरी मामांनी दारातून हात घालून भरवली. शेपटीच्या बुडातली शेवटची गाठ मी कोपरानं दाबली. ती सगळ्यांत मोठी होती. बादल ओरडला, मला दंडात चावला आणि त्याच झटक्यात चारी पायांवर उभा राहिला. गाठीतलं सगळं माझ्या हातात उतरलं.

रविवारी साहेब स्वतः आले. सुईवाला डॉक्टर खाली गाडीत बसवला होता. दारातून पोट आत घेऊन शिरले आणि म्हणाले, "बिल्डिंग माझी आणि खोली बारीक तुम्ही केली होय?" मामा बाहेरच राहिले.

त्यांनी बादलला बघितलं. बुटाच्या टोकानं त्याच्या मांडीत ढोसलं. बादल हलला नाही.

"उभा राहिला की. दिवाळीला पळवू परत."

माझे हात पदराखाली होते. दंडापर्यंत काळे पडले होते.

साहेब टेबलावर बसले. बसायला दुसरी जागाच नव्हती. म्हणाले, आलोच आहे तर आमचंही बघा जरा, तुमच्या हाताला गुण आहे म्हणतात. बूट काढला, मोजा काढला. उजवा पाय. अंगठा सुजलेला, नखं निळी.

"कशानं झालं?" मी विचारलं.

"काय की बुवा. आपण होऊन दुखतोय. मी काही केलेलं नाही."

मी दोन्ही मुठी पदराबाहेर काढल्या आणि त्यांनी टाच उचलून त्यांच्यावर ठेवली. मुठींच्या आत सगळं एकदम गप्प झालं. कालपासून आपटणाऱ्या लाथा, एकही हलेना. घरचं माणूस दारात आल्यावर व्हावं तसं.

मी सवयीनं खाली बघितलं. फरशी.

"दुखणार नाही ना ताई?" साहेब म्हणाले.

बादल वळला. चारी पंजे नीट टेकत दारापर्यंत गेला आणि दाराला पाठ लावून बसला. बाहेरून मामांनी एकदा हाक मारली, मग मारली नाही.

माझी करंगळी आपण होऊन उघडली. मग तिच्या शेजारचं बोट.